डॉक्टरला दम लागत नाही

लीड्स हे इंग्लंडच्या उत्तरेतलं, यॉर्कशरमधलं जुनं गिरण्यांचं शहर. तिथे १९८०मध्ये अ‍ॅन्ड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी एक बँड काढला आणि त्याला लेनर्ड कोहेनच्या एका गाण्याचं नाव दिलं, ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’. त्याच वर्षी ‘द डॅमेज डन’ ही पहिली रेकॉर्ड निघाली, हजार प्रतींची. तिच्यावर ड्रम्स वाजवले होते खुद्द एल्ड्रिचने. ती आज ऐकली की एक गोष्ट लगेच कळते. हा माणूस ड्रमर म्हणून फार दिवस टिकणार नव्हता. हात कच्चा, ठेका ढिला. तो उठून माइकपाशी गेला आणि त्याच्या जागी दुसरा माणूस न आणता त्यांनी एक डबी आणली.

या डबीची गोष्ट सांगितल्याशिवाय १९८५च्या ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ या त्यांच्या पहिल्या पूर्ण अल्बमबद्दल बोलण्यात अर्थ नाही. त्या अल्बमवरून ऐकणाऱ्यांमध्ये जे वाद झाले आणि अजून होतात, ते फिरून फिरून तिच्यापाशीच येतात.

डबी होती बॉस कंपनीची डीआर-५५, म्हणजे भरून दिलेला ठेका आपोआप वाजवणारं ड्रम मशीन. ‘डॉक्टर ऱ्हिदम’ हे तिचं बाजारातलं नाव. हातात मावेल एवढी, चार पेन्सिल सेलवर चालणारी. आवाज चारच: बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल), स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ढोल), रिमशॉट (त्याच्या कडेवरचा आघात) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी). त्यातही हाय-हॅट आपल्याला हवा तिथे ठेवता येत नाही. एका खटक्याने तो सलग आठांशात (मात्रेला दोन आघात) वाजवायचा, सोळांशात (मात्रेला चार) वाजवायचा की बंद ठेवायचा, एवढंच ठरवता येतं. ठेका भरायची पद्धत अशी: आधी वाद्य निवडायचं, मग सोळा घरं एकेक करून भरत जायची. आघात हवा तर एक बटण, रिकामी मात्रा हवी तर दुसरं. सोळा घरं भरली की पुढचं वाद्य. मध्ये एक बटण चुकून दोनदा दाबलं गेलं तर पुढचं सगळं एका घराने सरकतं, आणि समेवर पडायचा ठोका तिच्यामागून धापा टाकत येतो. तेव्हा तो सगळा ठेका पहिल्यापासून. शिवाय पूर्ण गाण्याचा आराखडा साठवायची सोय या डबीत नाही. कडव्याचा ठेका संपून धृपदाचा सुरू व्हायचा असेल, तर ऐन वेळी कुणीतरी हाताने खटका फिरवायचा. आणि आवाज बाहेर यायला वायर एकच. म्हणजे स्नेअरला वेगळा घुमारा द्यावा आणि बेस ड्रम कोरडा ठेवावा, असली चैन नाही. सगळं एकाच मुठीत.

‘डॉक्टर ऱ्हिदम’चा त्यांनी ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ केला आणि वादकांच्या यादीत त्याचं नाव बाकीच्यांसारखंच घातलं. यात थट्टा होतीच. पण थट्टेला एक गंभीर बाजूही होती: यंत्र आहे हे लपवायचं नाही. त्या काळातले बहुतेक बँड ड्रम मशीन नाइलाज म्हणून वापरत आणि ते खऱ्या ड्रम्ससारखं वाजावं म्हणून धडपडत. इथे मात्र डॉक्टर डॉक्टरसारखाच वाजत होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. घराघरांत रियाजाला तानपुऱ्याची पेटी लागते, तालमाला लागते. गाणारा चुकला म्हणून ती थांबत नाही, रंगात आला म्हणून चढत नाही. तिच्या त्या निर्विकारपणामुळेच आपला सूर कुठे ढळला ते कानाला कळतं. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड वेगळा. त्याचा आवाज यंत्राचा असला तरी मागे हात माणसाचा आहे. गर्दी नाचायला लागली की तो हात आपोआप जलद होतो. डॉक्टरला गर्दी दिसत नाही.

आता अशा वादकाबरोबर वाजवायचं कसं? माणूस ड्रमर असला की गिटारवाला त्याच्याकडे बघतो, मान हलवतो, दोघं मिळून धृपदात शिरतात. इथे मान कुणाला हलवणार? यंत्र ऐकत नाही, त्यामुळे ऐकायचं काम इतरांनी करायचं. मंचावर ड्रम मशीनचा आवाज वादकांच्या समोरच्या स्पीकरमधून स्पष्ट आला नाही तर दोन-तीन आवर्तनांत सगळा बँड घसरतो, आणि घसरलेला बँड सावरायला यंत्र काही थांबत नाही. खरा ड्रमर अशा वेळी एक मात्रा गिळून सगळ्यांना समेवर गोळा करतो. इथे ती गिळायची युक्ती बेसवाल्याला यावी लागते.

म्हणून १९८१मध्ये आलेला क्रेग अ‍ॅडम्स फार मोलाचा. त्याचा बेस मऊ, गोल नाही. प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या छोट्या पात्याने), सलग आठांशात, थोडा फाटलेला आणि दाणेदार. ठेका हलत नाही म्हणून हलण्याचं काम बेसने उचललं. सिस्टर्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत चाल लक्षात राहते ती बऱ्याचदा बेसची, याचं कारण हेच.

डॉक्टरचं शरीर बदलत गेलं. डीआर-५५नंतर रोलँडचं टीआर-६०६ आलं. त्यात बेस ड्रम, स्नेअर, दोन टॉम (मधल्या आकाराचे ढोल), झांज, उघडा आणि बंद हाय-हॅट असे सात आवाज, आणि ठेके ओळीने गुंफून पूर्ण गाणं साठवायची सोय. मग काही काळ टीआर-८०८ आणि टीआर-९०९, आणि अल्बमच्या वेळी ओबरहाइम कंपनीचं डीएमएक्स. या ८०८चा एक धागा थेट मुंबईत येतो. फिल्मी ऑर्केस्ट्रातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये हेच यंत्र घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. भैरव, ललत, यमन, खाली न थकणारा यांत्रिक ठेका. ती तेव्हा जवळजवळ कुणी विकत घेतली नाही आणि पंचवीसेक वर्षांनी युरोपातल्या लोकांनी ती शोधून काढून डोक्यावर घेतली. लीड्स आणि मुंबई यांची एकमेकांना खबरही नव्हती. जपानी डबी तेवढी एक होती.

अल्बमच्या आधीची तीन वर्षं सिस्टर्सनी छोट्या रेकॉर्डींवर काढली. १९८२ची ‘अ‍ॅलिस’, १९८३ची संथ आणि काळोखी ‘द रेप्टाइल हाउस’, त्याच वर्षाच्या शेवटाकडची ‘टेंपल ऑफ लव्ह’. त्यातलं बरंच ध्वनिमुद्रण ब्रिडलिंग्टन या किनाऱ्यावरच्या गावातल्या केजी स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या टेपवर झालेलं. आठ ट्रॅक म्हणजे काय, ते हिशेबानेच कळेल. खऱ्या ड्रम्सना चार ते सहा माइक लागतात. ते वेगवेगळे ठेवायचे तर गाण्याला आणि गिटारींना जागाच उरत नाही. डॉक्टर एका ट्रॅकवर बसतो. एक बेस, दोन-तीन गिटार, दोन आवाजाचे, एखादा शिल्लक. पैसा नसणं आणि यंत्र असणं या दोन्ही गोष्टी एकमेकींना अशा धरून होत्या. त्या रेकॉर्डी खरखरीत आहेत, पण त्यांत कुठेच गर्दी नाही. ज्यांनी त्या विकत घेतल्या, जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमात ऐकल्या, कॅसेटवर उतरवून मित्रांना दिल्या, त्यांच्या कानांत सिस्टर्स म्हणजे हाच आवाज ठसला. पुढच्या तक्रारींचं बी इथेच पडलं.

१९८३च्या अखेरीस गिटारवादक बेन गन गेला आणि वेन हसी आला. तो आधी ‘डेड ऑर अलाइव्ह’मध्ये होता आणि बारा तारांच्या गिटारवर त्याचा हात बसलेला होता. ही बारा तारांची गोष्ट किरकोळ नाही. या गिटारमध्ये तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांतली दुसरी तार पहिलीपेक्षा एक सप्तक वर, आणि वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या. जोडीतल्या दोन तारा कधीच तंतोतंत एका सुरात नसतात, आणि त्या किंचित फरकातून जी थरथर निघते ती सुटे स्वर एकेक करून छेडले की चमचमते. त्यावर कोरसचा पेडल लावला (तोही मुळात सुराची किंचित सरकलेली नक्कल मूळ सुरात मिसळतो) तर ती चमचम दुप्पट होते. मार्क्सची गिटार सरळ, टोकदार, एका तारेवर चाल काढणारी होती. दोघं एकत्र आल्यावर बँडचा आवाज रुंद झाला आणि वॉर्नर समूहाची डब्ल्यूईए कंपनी पाठीशी आल्यावर स्टुडिओही मोठे झाले. स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी, आणि बर्कशरमधल्या स्ट्रीटली गावचा जेनेटिक. निर्माता डेव्ह अ‍ॅलन. जेनेटिक म्हणजे निर्माता मार्टिन रशंटचा स्टुडिओ, जिथे ह्यूमन लीग या बँडचा ‘डेअर’ हा अल्बम तयार झाला. यंत्रांना शिस्तीत वाजवायला लावण्याची विद्या तिथल्या भिंतींत मुरलेली होती आणि अ‍ॅलन त्याच तालमीतला. डॉक्टरला इतकी चांगली शुश्रूषा याआधी मिळाली नव्हती.

डीएमएक्स आधीच्या डब्यांपेक्षा जातीनेच वेगळं. ६०६ किंवा ८०८ यांचा आवाज विजेच्या मंडलात जन्मतो. डीएमएक्समध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात चिपमध्ये साठवलेले असतात. प्रत्येक वाद्याला आतमध्ये स्वतंत्र कार्ड, स्वतंत्र बाहेरची वायर, आणि स्वर वर-खाली करायची सोय. म्हणजे आता बेस ड्रम कोरडा ठेवून एकट्या स्नेअरला दालनाएवढा घुमारा देता येत होता. ‘न्यू ऑर्डर’च्या ‘ब्लू मंडे’त धडधडतं तेही हेच यंत्र. त्याची खोड अशी की एका कार्डावरचे दोन आवाज एकाच क्षणी वाजत नाहीत. दुसरा आला की पहिला तुटतो. बंद हाय-हॅटने उघड्याचा गळा धरणं हे खऱ्या ड्रमवरही होतं, तिथे ते शोभतं. दोन टॉमच्या शेपट्या मात्र अशा कापल्या गेल्या की कानाला खटकतं. म्हणून डीएमएक्सवरचे टॉमचे रोल (सलग आघातांच्या लडी) एक तर विरळ ठेवावे लागतात किंवा घुमाऱ्यात बुडवून तुटलेली टोकं झाकावी लागतात.

आता या अल्बमचा आवाज नेमका कशाचा बनलाय, ते एकावर एक थर ठेवून बघू. तळाशी बेस ड्रम, साधारण पन्नास-साठ हर्ट्‌झच्या आसपास. त्याच्यावर बेस गिटार. तिची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झला बोलते, पण अ‍ॅडम्सचा आवाज फाटका असल्यामुळे तो वरच्या दाण्यांतून जास्त ऐकू येतो. तिसरा थर एल्ड्रिचच्या गळ्याचा, आणि खरी पंचाईत इथे आहे. खर्जातल्या पुरुषी आवाजाचा मूळ सूर शंभर ते दोनशे हर्ट्‌झमध्ये फिरतो, म्हणजे बेसच्या अंगणातच. दोघं एकाच जागी उभे राहिले की शब्द चिखलात जातात. उपाय दोनच. बेसचा तो पट्टा कापायचा, नाहीतर गिटारींना खालच्या पट्टीत येऊच द्यायचं नाही. हसीच्या सुट्या स्वरांच्या वेली वरच्या वर चढलेल्या असतात, त्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण ही निकडही आहे. जाड, ओढलेले कॉर्ड (अनेक स्वर एकदम) वाजवले असते तर गाणारा बुडाला असता.

घुमाऱ्याचा हिशेब असाच. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर दर एका सेकंदाने येतो. त्याचा घुमारा दोन सेकंदांचा ठेवला तर पहिला विरायच्या आत दुसरा येऊन बसतो, मग तिसरा. आणि चार आवर्तनांत सगळ्या गाण्यामागे राखाडी धुकं उभं राहतं. हा दोष आहे की हेच हवं होतं? माझ्या मते दोन्ही. काही गाण्यांत ते धुकं चित्राचा भाग होतं, काहींत नुसता पडदा. अल्बमला ‘गढूळ’ म्हणणारे आणि ‘धुक्यासारखा’ म्हणणारे एकाच शेपटीबद्दल बोलत असतात.

कुणाला हे घरी करून बघायचं असेल तर फोनवरचं कुठलंही सोळा घरांचं ड्रम मशीन पुरेल. लय १२० ते १४०. बेस ड्रम पहिल्या आणि नवव्या घरात, स्नेअर पाचव्या आणि तेराव्या, हाय-हॅट एक सोडून एक. इथवर कुणालाही जमतं आणि ऐकायला कंटाळवाणं वाटतं. मग अकराव्या घरात आणखी एक बेस ड्रम टाका; ठेका पुढे झुकतो. हाय-हॅटच्या आघातांना वजनाचे तीन प्रकार द्या. जोरकस, मध्यम, हलका. पण यादृच्छिक देऊ नका, ठरवून द्या आणि मग बदलू नका. नवशिक्यांची चूक हीच असते की यंत्राला माणसाळवायला जातात: आघात थोडे मागेपुढे सरकवतात, दर चार आवर्तनांनी रोल घालतात. सिस्टर्सच्या पद्धतीत रोल हा दुर्मीळ प्रसंग. तो फार तर धृपदाच्या तोंडाशी. गिटारला प्रतिध्वनी लावायचा तर मोजून. १२०च्या लयीत दीड आठांश म्हणजे ३७५ मिलिसेकंद. नुसता कानाच्या अंदाजाने ४०० ठेवलात तर पहिल्या आवर्तनात कळणार नाही, चौथ्याला गिटार लंगडायला लागेल, आणि दोष मात्र वाजवणाऱ्याच्या माथी येईल. शेवटी गळा. तो तारस्वरात न्यायचा नाही. माइकच्या अगदी जवळ, हळू, आणि यंत्राच्या किंचित मागे. यंत्राच्या पुढे धावणारा गळा घाबरलेला वाटतो. मागे राहणारा थकलेला वाटतो.

आणि थकवा हाच या अल्बमचा खरा विषय आहे असं मला वाटतं. १९८४च्या शरदात ध्वनिमुद्रण अर्धवट असतानाच बँड ‘ब्लॅक ऑक्टोबर’ नावाच्या दौऱ्यावर निघाला, काम लांबत गेलं, माणसं एकमेकांना विटत गेली. दहा गाण्यांच्या या अल्बमच्या पहिल्या बाजूची सुरुवात हसीच्या संगीतावरच्या ‘ब्लॅक प्लॅनेट’ आणि ‘वॉक अवे’ने होते, दुसऱ्या बाजूचा शेवट मार्क्सच्या तीन गाण्यांनी. एका घरातल्या दोन चुली. मार्क्सच्या तिनांतलं पहिलं ‘नाइन व्हाइल नाइन’. हे नाव इंग्रजी जाणणाऱ्या पुष्कळांना कोड्यात टाकतं. यॉर्कशरच्या बोलीत ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. नऊ ते नऊ, असा साधा अर्थ. आगगाडीच्या फलाटावर वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं आणि त्याला फॅक्टरीच्या पाळीसारखं नाव. एल्ड्रिच मूळचा यॉर्कशरचा नव्हे, पण कान तयार होता.

या सगळ्या गाण्यांत माणसं थकत जातात आणि डॉक्टर थकत नाही. नेमकी तीच फट ऐकू येते. खरा ड्रमर असता तर तोही गाणाऱ्याबरोबर थोडा खचला असता, लय कणभर उतरली असती, आणि आपल्याला दुःख ऐकू आलं असतं पण एकटेपणा ऐकू आला नसता. ‘हा अल्बम थंड आहे’ म्हणणारे यंत्र ऐकतात. ‘यापेक्षा भावनिक काही ऐकलं नाही’ म्हणणारे गळा ऐकतात. दोघंही बरोबर, फक्त एकमेकांच्या अर्ध्या भागावर बोलणारे.

मार्च १९८५मध्ये अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढला. पहिल्या अल्बमसाठी उत्तम. जुने श्रोते मात्र दोन गटांत फुटले. एका गटाचं म्हणणं: ब्रिडलिंग्टनची खरखर गेली, सगळं घासूनपुसून दुकानाच्या काचेत मांडलं. बारा तारांची झालर त्यांना सुरुवातीपासूनच गोड लागली. दुसऱ्या गटाला पहिल्यांदाच गाण्यांमध्ये खोली दिसली. आधी नुसती भिंत होती. माझं मत विचाराल तर ‘अ‍ॅलिस’च्या काळातला डॉक्टर जास्त धोकादायक होता आणि या अल्बमवरच्या ‘मॅरियन’च्या काळातला जास्त शहाणा. ‘मॅरियन’मध्ये एल्ड्रिच मध्येच जर्मनमध्ये शिरतो आणि गिटार वर एकच वेल चढवत राहते, तेव्हा खालचा ठेका काय करतोय ते मुद्दाम ऐका. काहीही करत नाही. त्यामुळेच तर ते गाणं उभं राहतं.

तिसरा एक गट होता ज्याने या वादात पडण्यापेक्षा काळे कपडे इस्त्री करणं पसंत केलं. ‘गॉथ’ म्हणून जी मंडळी ओळखली गेली, त्यांनी हा अल्बम आपला धर्मग्रंथ केला, आणि एल्ड्रिचने आयुष्यभर सांगितलं की आमचा गॉथशी संबंध नाही, आम्ही रॉक बँड आहोत. कुणी ऐकलं नाही. ज्या बँडच्या चिन्हात पंचकोनी ताऱ्यावर ग्रे यांच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं सोललेलं डोकं आहे, त्याने अशी अपेक्षा ठेवू नये. नाचायला मात्र हा ठेका सोयीचा. बदलत नाही, त्यामुळे पाय शिकवावे लागत नाहीत. डिस्कोतल्या काळोखात एक गाणं दुसऱ्यात मिसळणाऱ्यालाही यंत्राची लय वरदान. आणि मैफलींत या पंथाची आणखी एक रीत होती, जी आपल्याला अजिबात नवी नाही: धुरात, गर्दीच्या मधोमध, एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून थर लावायचे. वर मडकं नाही, दोर नाही. वरचा गडी हात पसरून उभा राहायचा आणि मग सगळे कोसळायचे.

धुराबद्दल थोडं. सिस्टर्सच्या मंचावर धूर इतका असायचा की वादक सावल्याच दिसत. प्रकाश मागून सोडला की धुराचे लोट पेटतात आणि माणूस काळा कापला जातो; पुढून सोडला तर नुसती पांढरी भिंत. म्हणून दिवे मागेच. ड्रमर नसलेल्या मंचावर मधली जागा ओकीबोकी दिसते, तीही धुराने भरते. पण धूर घसा कोरडा करतो, आणि एल्ड्रिचचा गळा खर्जाचा. तेच तर त्याचं भांडवल.

रेकॉर्ड ऐकायची असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. तेहेतीस फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला साधारण एक्कावन्न सेंटिमीटर अंतर कापते, आत लेबलजवळ एकवीसच्या आसपास. अंतर कमी म्हणजे तेवढ्याच वेळाच्या खुणा दाटीवाटीने. उंच सूर आधी बोथट होतात. या अल्बमचं सगळ्यांत लांब गाणं, सात मिनिटांचं ‘सम काइंड ऑफ स्ट्रेंजर’, नेमकं दुसऱ्या बाजूच्या पोटाशी आहे. तबकडीवर त्यातला हाय-हॅट मऊ, दुरून आल्यासारखा वाटतो. सीडीवर तोच टोचतो. झिजलेल्या सुईने ऐकलंत तर ‘स’कार फुत्कारतात आणि लोक मिक्सिंगला नावं ठेवतात. कॅसेटचा घोटाळा वेगळाच. अल्बम पाऊण तासाच्या थोडा पुढे जातो आणि सी-९० कॅसेटची एक बाजू पाऊण तासाची. एकाच बाजूवर उतरवायला गेलात तर या शेवटच्या गाण्याचा विरत जाणारा भागच कापला जातो. २००६च्या पुनर्मुद्रणात याच गाण्याचा एक आधीचा आराखडाही दिला आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की कळतं, गाण्याला खरी उंची उत्तरार्धातल्या आवर्तनांनी दिली. तिथे नवं काही सांगायचं उरलेलं नसतं. त्याच त्या ओळी परत परत, लहरा धरून बसल्यासारख्या. फरक इतकाच की लहऱ्यावर तबला खेळतो, आणि इथे तालच लहरा होऊन बसलाय, खेळायचं ते गळ्याने.

अल्बम निघाल्यानंतर जेमतेम तीन आठवडे गेले आणि १ एप्रिल १९८५ला ब्रायटनच्या मैफलीनंतर गॅरी मार्क्स बाहेर पडला. १८ जूनला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उरलेल्या तिघांनी डॉक्टरसकट मैफल केली. तिच्या चित्रफितीला नाव दिलं ‘वेक’, म्हणजे मयताची रात्र. त्याच वर्षी हसी आणि अ‍ॅडम्स गेले आणि त्यांनी ‘द सिस्टरहुड’ नावाने वाजवायला सुरुवात केली. ते नाव आधी आपल्या नावावर चढवायला एल्ड्रिचने घाईघाईने त्याच नावाची रेकॉर्ड काढली, आणि १९८६च्या ‘गिफ्ट’ अल्बममध्ये एका बाईच्या आवाजात आकडे मोजून घेतले: दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. पंचवीस हजार पौंड, वादातली आगाऊ रक्कम. हसी-अ‍ॅडम्स मग ‘द मिशन’ झाले आणि त्यांनी हाडामासाचा ड्रमर घेतला.

एल्ड्रिचने घेतला नाही. १९८७च्या ‘फ्लडलँड’मध्ये कीबोर्ड आणि समूहगायन यांचा महाल उभा राहिला, तळाला डॉक्टरच होता. त्यानंतर गिटारवाले आले, गेले, बदलले. बेसही शेवटी यंत्राच्या पोटात गेला. डॉक्टरचं शरीर आता संगणकाचं आहे आणि मैफलीत त्याच्याशेजारी एक माणूस असतो. बँडच्या यादीत त्याचा हुद्दा ‘डॉक्टरची नर्स’ असा लिहितात. गाणं सुरू करायचं बटण तो दाबतो.